झडपेचा आजार आणि हार्ट फेल्युअर: निदान कसं होतं? रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

झडपेच्या आजाराची फाइल घेऊन आलेलं कुटुंब खुर्चीत बसायच्या आधीच विचारतं, "डॉक्टर, पंपिंग किती आहे?" आकडा साठच्या वर असला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ज्याचा रिपोर्ट आहे त्या माणसाला मात्र जिना चढून आल्यावर अजून श्वास पुरत नसतो. खालचे बरेचसे प्रश्न या एका गोंधळातून येतात, म्हणून त्याच्यावर जास्त लिहिलं आहे. हे वाचून स्वतःच्या गोळ्या बदलू नका. तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते कळलं तरी पुरे.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं ना?

नाही. "फेल्युअर" या शब्दाने फार घात केला आहे, आणि "हृदय निकामी होणे" या मराठी भाषांतराने त्याहून जास्त. हृदय चालूच असतं. शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलताना ते कमी पडतं, किंवा तेवढं रक्त ढकलण्यासाठी त्याला आतला दाब वाढवून घ्यावा लागतो. हा वाढलेला दाब मागे तुंबतो. डाव्या बाजूचा फुप्फुसात तुंबला की दम लागतो, उजव्या बाजूचा तुंबला की पाय, पोट आणि यकृत सुजतं.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी बंद होऊन स्नायूचा तुकडा मरतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये ठोकेच थांबतात. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, पण बातमीत बहुधा एकाच ओळीत येतात.

झडप खराब आहे म्हणजे हार्ट फेल्युअर आहेच का?

नाही. हृदयात चार झडपा असतात: मायट्रल, एओर्टिक, ट्रायकस्पिड आणि पल्मोनरी. त्या दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडझाप करतात. बिघाड दोन प्रकारचा होतो, झडप अरुंद होते किंवा गळते. संधिवाताच्या तापात, म्हणजे ऱ्हुमॅटिक तापात, एकाच झडपेत दोन्ही बिघाड सापडणं आपल्याकडे नवलाचं नाही. बिघाड सौम्य असला तर माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातो. मध्यम बिघाडावर काही वर्षं नुसती नजर ठेवावी लागते. बिघाड तीव्र असला तरी हृदय बराच काळ तो सोसतं.

म्हणून निदानाचे प्रश्न दोन असतात. झडप किती खराब आहे, आणि त्याची किंमत हृदय व फुप्फुसं मोजू लागली आहेत का? दुसऱ्याचं उत्तर "हो" आलं की ते हार्ट फेल्युअर.

इकोमध्ये पंपिंग ६० टक्के आहे. मग हार्ट फेल्युअर कसं म्हणता?

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात लोक ज्याला पंपिंग म्हणतात ते म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात कप्प्याबाहेर पडलं, एवढंच तो आकडा सांगतो. रक्त कुठे गेलं हे तो सांगत नाही. झडपेच्या आजारात नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

विहिरीवरची मोटर आठवा. विहिरीच्या तोंडाशी पाइप फुटका असेल तर मोटर धडधडते, पाणी उचलते, पण त्यातलं बरंच परत विहिरीत जातं. पाट कोरडाच राहतो. मोटरचा आवाज ऐकून पिकाला पाणी मिळालं असं कोणी शेतकरी म्हणणार नाही.

मायट्रल झडपेच्या मोठ्या गळतीत हेच होतं. समजा कप्प्यात १०० मिलिलिटर रक्त होतं आणि ६० बाहेर पडलं. पंपिंग ६० टक्के झालं. पण त्यातलं निम्मं मागे, वरच्या कप्प्यात गेलं, तर शरीराला मिळालं ३० मिलिलिटर. शिवाय मागची वाट कमी दाबाची असल्याने हृदयाला ढकलणं सोपं जातं आणि आकडा फुगतो. म्हणून तीव्र मायट्रल गळतीत ६० टक्के हा "नॉर्मल" आकडा नव्हे. ६० किंवा त्याखाली आला, किंवा आकुंचनाच्या शेवटी कप्प्याची रुंदी ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली, की स्नायू थकायला लागला असं आम्ही धरतो आणि त्रास नसला तरी ऑपरेशनचा विषय काढतो. ऑपरेशननंतर पंपिंग ५० वर आलं की नातेवाईक म्हणतात, ऑपरेशनने बिघडवलं. मागची चोरवाट बंद झाल्यावर खरा आकडा दिसला, एवढंच असतं.

मायट्रल झडप अरुंद असेल तर गोष्ट आणखी वेगळी. निरोगी झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असतं, ते १.५ किंवा कमी झालं की आजार तीव्र. इथे डावा खालचा कप्पा बहुधा ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत रक्तच नीट पोचत नाही. सगळा दाब वरच्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसात. पंपिंग ६५ टक्के असलेली बाई रात्री दोन वाजता उठून खिडकीशी बसते, ती या आजारात. तिला "हार्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" असं सांगून परत पाठवलं जातं, हे मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलं आहे.

एओर्टिक झडप अरुंद झाली की कप्प्याची भिंत जाड आणि ताठ होते. पंपिंग शेवटपर्यंत चांगलं राहू शकतं, पण ताठ भिंत सैल पडत नाही, कप्पा नीट भरत नाही आणि दाब चढतो. एओर्टिक गळतीत उलट कप्पा वर्षानुवर्षं गुपचूप मोठा होत जातो. माणूस शेतात राबतो, सायकल चालवतो, आणि लक्षण दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. तिथे पंपिंग ५५ टक्क्यांपर्यंत उतरलं किंवा आकुंचनाच्या शेवटची रुंदी ५० मिलिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं.

थोडक्यात, पंपिंग कमी असेल तर काळजी नक्की करा. ते चांगलं आहे म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका.

आई म्हणते, "मला काही त्रास नाही." मग तपासण्या कशाला?

आईवर विश्वास ठेवा, पण प्रश्न बदलून विचारा. "त्रास होतो का?" असं विचारलं की आपल्याकडची बाई "नाही" म्हणते. "पूर्वी करत होतीस आणि आता सोडून दिलंस असं काय आहे?" असं विचारा. मग एकेक निघतं. देवळात जाणं बंद केलं, कारण पायऱ्या आहेत. पाण्याचा हंडा सून आणते. भाकरी थापायला खाली बसत नाही, ओट्यापाशी उभ्यानेच करते. बाजारातून येताना दोनदा "ओळखीचं कोणी भेटलं" म्हणून थांबते. झडपेचा आजार हळूहळू वाढतो आणि माणूस तितक्याच हळूहळू आपलं जगणं आखडून घेतो. मग त्रास होतच नाही, कारण त्रास होईल असं काही तो करतच नाही.

डॉक्टर हे मोजायला न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनच्या चार पायऱ्या वापरतात. ही वर्गवारी १९२८ पासून चालत आली आहे. पहिली पायरी म्हणजे नेहमीच्या कामात काही त्रास नाही, चौथी म्हणजे बसल्या जागी धाप. फाइलवर एक ते चारमधला एखादा रोमन आकडा दिसला तर तो हाच.

खास विचाराव्यात अशा काही गोष्टी:

उताणं झोपल्यावर दम लागतो का? एका उशीच्या जागी दोन-तीन लागतात का? झोप लागल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून जाग येते, उठून बसलं की हळूहळू बरं वाटतं, असं होतं का? चपलेचा बंद घालायला किंवा फरशी पुसायला वाकलं की श्वास कोंडतो का? संध्याकाळी पायावर बोटाने दाबलं तर खड्डा राहतो का? जोडवी रुततात, परकराची नाडी घट्ट होते, पण अंगावर मांस चढलेलं दिसत नाही, असं? रात्री लघवीला जास्त वेळा उठावं लागतं? दोन घास खाल्ले की पोट भरतं?

उताणं झोपता न येणं आणि रात्री गुदमरून उठणं ही दोन लक्षणं बाकीच्यांपेक्षा जास्त वजनाची. नुसता थकवा शंभर कारणांनी येतो.

दम लागतो म्हणजे दमाच असेल ना? किंवा रक्त कमी असेल?

असू शकतं, आणि दोन्ही एकत्रही असू शकतं. रक्तक्षय आपल्याकडच्या बायकांत इतका सर्रास आहे की हिमोग्लोबिन ८ दिसलं की पुढचा शोध तिथेच थांबतो. खरं तर रक्तक्षय अरुंद झडपेचं दुखणं उघडं पाडतो. रक्त कमी झालं की हृदयाला जोरात पळावं लागतं, आणि अरुंद झडपेला पळणं झेपत नाही. थायरॉइड वाढलं तरी तसंच.

फुप्फुसात पाणी साचलं की छातीत शिट्ट्या वाजतात, त्या दम्यासारख्याच ऐकू येतात. दम्याचा पंप ओढून काही महिने निघून जातात. दुसरी फसगत क्षयाची. मायट्रल झडप अरुंद असलेल्या तरुण मुलीला खोकल्यातून रक्त पडतं, आपल्या मनात पहिला येतो टीबी. थुंकीत जंतू सापडत नसतील, औषधं चालू असूनही दम वाढत असेल, तर एकदा छातीला नळी लावून नीट ऐकायला हवं आणि टू-डी इको करायला हवा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हेही विचारा. पुष्कळांना आठवत नाही. ते नाही आठवलं म्हणून ऱ्हुमॅटिक ताप नव्हताच असं ठरत नाही.

पायांची सूज मात्र अनेकदा भलत्याच कारणाने असते. ब्लडप्रेशरची ॲम्लोडिपिन ही गोळी घेणाऱ्या कितीतरी जणांचे पाय सुजतात. हृदयाचा काही संबंध नसतो.

डॉक्टर मानेकडे का बघतात?

मानेतली शीर म्हणजे उजव्या कप्प्याला जोडलेली काचेची नळीच समजा. पाठ ४५ अंशांवर टेकवून बसवल्यावर ती किती उंचीपर्यंत फुगलेली दिसते, त्यावरून आतल्या दाबाचा अंदाज येतो. फुकटची तपासणी आहे आणि हल्ली घाईत सर्वांत आधी तीच सुटते. मग छातीच्या तळाशी करकर ऐकायची, यकृत हाताला लागतं का पाहायचं, पाय दाबायचे, वजन करायचं.

एक गैरसमज: मर्मर, म्हणजे नळीतून ऐकू येणारा झडपेचा आवाज, मोठी म्हणजे आजार मोठा. तसं नसतं. हृदय थकलं की रक्ताचा झोत मंदावतो आणि अगदी वाईट एओर्टिक झडपेचा आवाजही बारीक होतो.

ईसीजी आणि छातीचा एक्स-रे होतोच. फुप्फुसातलं पाणी एक्स-रेवर दिसू शकतं, पण एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून हार्ट फेल्युअर नाही असं म्हणता येत नाही.

इको रिपोर्टमध्ये आम्ही काय बघावं?

निष्कर्षाच्या शेवटच्या तीन ओळींच्या वर जे आकडे असतात, ते. प्रत्येक झडपेचं वेगळं असतं. एओर्टिक झडप अरुंद असेल तर रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, सरासरी दाबफरक ४० मिलिमीटर किंवा जास्त, झडपेचं तोंड १ चौरस सेंटीमीटर किंवा कमी, हे तीव्र आजाराचे निकष. मायट्रलचे वर आले आहेत. हार्ट फेल्युअरच्या दृष्टीने आणखी चार गोष्टी शोधा: डावा वरचा कप्पा किती मोठा झाला आहे, फुप्फुसाच्या धमनीतला दाब किती, उजवा खालचा कप्पा नीट काम करतो का, आणि मागच्या इकोच्या तुलनेत डाव्या कप्प्याची मापं वाढली का. एका इकोपेक्षा दोन इकोंमधला फरक जास्त बोलतो. जुना रिपोर्ट "आता काय उपयोग" म्हणून फेकू नका.

इको काढताना ब्लडप्रेशर आणि नाडीचे ठोके लिहिलेले असावेत. प्रेशर १९० असताना मायट्रलची गळती आहे त्यापेक्षा मोठी दिसते, आणि ठोके १२० असताना अरुंद मायट्रल झडपेचा दाबफरक फुगतो.

आणि हो, "ट्रिव्हियल एमआर" (मायट्रलची गळती), "माइल्ड टीआर" (ट्रायकस्पिडची गळती) असं वाचून झोप उडवून घेऊ नका. अशी किंचित गळती धडधाकट माणसांतही दिसते.

एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी केली की नक्की कळेल का?

मदत होते, पण शेवटचा शब्द तिचा नाही. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हे द्रव्य रक्तात सुटतं. (बीएनपीमधला बी म्हणजे ब्रेन, मेंदू. १९८८ साली जपानी संशोधकांना ते पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून हे नाव. नंतर कळलं की ते मुख्यतः हृदयातून येतं, पण नाव तेच राहिलं.)

बाह्यरुग्ण विभागात, हळूहळू दम वाढलेल्या माणसात एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. तातडीच्या विभागात अचानक दम घेऊन आलेल्यात ही रेषा ३०० वर धरतात. आकडा मोठा आला तर मात्र विचार करावा लागतो, कारण वय, मूत्रपिंडाचा आजार आणि अनियमित ठोके यांनीही तो वाढतो. लठ्ठपणात तो फसवा कमी येतो.

झडपेच्या आजारात आणखी एक मेख. अरुंद मायट्रल झडपेत ताण वरच्या कप्प्यावर असतो, मोठ्या खालच्या कप्प्यावर नसतो. त्यामुळे रुग्ण धापा टाकत असतानाही आकडा मानाने बेताचा येऊ शकतो. याउलट, तीव्र एओर्टिक आजारात "काही त्रास नाही" म्हणणाऱ्या आजोबांचा आकडा वयाच्या मानाने तिप्पट निघाला, तर ते सांगत नाहीत ते त्यांचं हृदय सांगतंय असं समजतात आणि झडप बदलण्याचा विचार लवकर करतात.

झडप गळते म्हणून हार्ट फेल्युअर झालं, की हार्ट फेल्युअरमुळे झडप गळते?

फार चांगला प्रश्न, आणि उपचार याच्यावरच ठरतात. अटॅकनंतर किंवा स्नायूच्या आजाराने डावा कप्पा फुगला की चौकट ताणली जाते आणि चांगल्या झडपेचीही दारं मिटेनाशी होतात. दार ठीक, चौकट वाकडी. इथे आधी हार्ट फेल्युअरची औषधं पुऱ्या मात्रेत द्यायची, अंगातलं जास्तीचं पाणी काढायचं आणि मग पुन्हा इको करायचा. पुष्कळदा "तीव्र" गळती "मध्यम" होऊन बसते. पाण्याने भरलेल्या रुग्णाचा इको पाहून ऑपरेशन ठरवण्याची घाई म्हणूनच करू नये. औषधांनंतरही गळती मोठीच राहिली तर निवडक रुग्णांत मांडीच्या शिरेतून चिमटा बसवता येतो. २०१८ च्या कोॲप्ट चाचणीत याचा स्पष्ट फायदा दिसला.

दारच फाटलं असेल, जाड झालं असेल, दाराला धरून ठेवणारी दोरी तुटली असेल, तर मूळ दुखणं झडपेचं. तिथे औषधांवर वर्षं काढणं म्हणजे दुरुस्तीची वेळ घालवणं.

लक्षणं एक सांगतात आणि इको दुसरंच. आता?

असं पुष्कळदा होतं. मग रुग्णाला हलवून पाहतात. इको झोपून काढतात, दम चालताना लागतो. सायकल किंवा ट्रेडमिलनंतर केलेल्या इकोत फुप्फुसाचा दाब झपाट्याने चढला तर कोडं सुटतं. "त्रास नाही" म्हणणारा माणूस ट्रेडमिलवर तीन मिनिटांत बसला, किंवा चालताना त्याचं प्रेशर वाढायच्या ऐवजी उतरलं, तर तेही उत्तरच आहे. मात्र एओर्टिक झडप तीव्र अरुंद आहे आणि चक्कर, छातीत दुखणं किंवा दम आधीच आहे, अशा रुग्णाची ट्रेडमिल चाचणी करायची नसते. ते धोक्याचं आहे. कोणी साध्या तपासणीच्या पॅकेजमध्ये ती करायला सांगितली तर आधी झडपेचा आजार आहे हे सांगा.

पंपिंगच कमी असेल तर अरुंद एओर्टिक झडपेतूनही दाबफरक कमी दिसतो आणि झडप खरंच अरुंद आहे की हृदयाला ती उघडायची ताकद नाही, हे कळत नाही. मग हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन हे औषध हळूहळू देत इको करतात, किंवा सीटी स्कॅनवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. पुरुषात २००० आणि स्त्रीत १२०० एककांच्या पुढे असेल तर झडप खरोखर अरुंद असण्याची शक्यता मोठी.

मायट्रल झडप मागच्या बाजूने नीट दिसते म्हणून अन्ननलिकेतून इको करतात. एवढं करून उत्तर मिळालं नाही तर कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून हृदयातले दाब प्रत्यक्ष मोजतात. पूर्वी ही रोजची तपासणी होती, आता क्वचित लागते.

पोटात पाणी झालंय आणि आम्हाला लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवलंय. हृदयाचा संबंध असेल?

असू शकतो. ट्रायकस्पिड झडप खूप गळत असेल तर दाब यकृतावर येतो. यकृत सुजतं, बिलिरुबिन वाढतं, पोट भरतं, भूक मरते. दारू नाही, कावीळ नाही आणि मानेतली शीर फुगलेली आहे, तर इको राहून गेला नाही ना ते पाहा. जुन्या मायट्रल रुग्णांत, झडप बदलून पंधरा-वीस वर्षं झालेल्यांतही, हे दिसतं.

गरोदरपणात दम लागतोच. तो झडपेचा कसा ओळखायचा?

गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि ठोकेही वाढतात. मायट्रल झडप अरुंद असेल तर ही दोन्ही ओझी नेमकी त्या अरुंद दारावर पडतात. त्यामुळे लहानपणापासून गुपचूप असलेला आजार पाचव्या-सातव्या महिन्यात पहिल्यांदा उघडा होतो. पाय सुजणं आणि जिन्यावर थोडा दम लागणं गरोदरपणात चालतं. उताणं न झोपता येणं, रात्री गुदमरून उठणं, खोकल्यात रक्त किंवा गुलाबी फेस, बसल्या जागी नाडी १०० च्या वर, यातलं काहीही चालत नाही. इकोचा बाळाला त्रास नाही, तो निर्धास्त करा.

बाळंतपणानंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत जोखमीचे. गर्भाशयातलं रक्त एकदम अंगात परत येतं. "सुटलो एकदाचे" म्हणून घरी जायची घाई करू नका. गरज पडली तर गरोदरपणातही फुग्याने झडप उघडता येते. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८२ साली पहिल्यांदा वापरलेली ही पद्धत आपल्याकडे कित्येक ठिकाणी रोज वापरली जाते.

लघवीची गोळी घेतली आणि दम गेला. आता ठीक ना?

गोळीने पाणी उतरलं. झडप तेवढीच राहिली. किंबहुना त्या गोळीने आराम पडला हाच एक पुरावा की दम हृदयाचा होता. तीव्र अरुंद एओर्टिक झडपेत हार्ट फेल्युअरची लक्षणं सुरू झाली आणि झडप बदलली नाही, तर पुढचं आयुष्य सरासरी साधारण दोन वर्षांचं, असं १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी दाखवलं. औषधांची गर्दी वाढली तरी ते चित्र फारसं बदललेलं नाही. बदल घडला तो झडप बदलण्याच्या पद्धतींत. २००२ पासून छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवता येते, त्यामुळे "वय झालं, आता कशाला" हे उत्तर आपोआप द्यायचे दिवस गेले.

ठोके अनियमित झाले आहेत असं सांगितलं. त्याचा याच्याशी काय संबंध?

वरचा कप्पा ताणून मोठा झाला की तो नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरतो. आदल्या दिवसापर्यंत बऱ्या असलेल्या मायट्रल रुग्णाला एकाएकी फुप्फुसात पाणी होतं, त्यामागे बऱ्याचदा हेच. शिवाय कप्प्यात गुठळी होऊन लकवा मारण्याची भीती. अरुंद मायट्रल झडपेत रक्त पातळ करायला जुनी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करावी लागणारी गोळीच वापरतात. नव्या गोळीशी तिची तुलना करणाऱ्या २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत जुनीच सरस ठरली.

झडप बदलून सहा वर्षं झाली. परत दम लागतोय.

धातूची झडप असेल तर हा प्रश्न पुढच्या भेटीसाठी ठेवू नका, आजच दाखवा. धातूच्या झडपेची टिकटिक रात्री शांततेत घरच्यांनाही ऐकू येते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली आणि १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसवलेली भारतीय चित्रा झडप असो की परदेशी, आवाज असतोच. ती टिकटिक दबली किंवा बंद झाली, आणि रक्त पातळ करणाऱ्या एसिट्रॉमच्या गोळ्या मध्ये काही दिवस घ्यायच्या राहिल्या होत्या, तर झडपेवर गुठळी बसल्याचा संशय पहिला. इको आणि एक्स-रेच्या पडद्यावर झडपेच्या चकत्या हलताना पाहिल्या की निदान होतं. गोळी का राहिली ते लपवू नका. लग्नघर होतं, गावी गेलो होतो, दात काढला म्हणून कोणीतरी बंद करायला सांगितली. कारण काहीही असलं तरी ते सांगितल्याने निदानाचे दोन तास वाचतात.

प्राण्यांच्या ऊतींची झडप असेल तर ती काही वर्षांनी झिजते. तिथे दम हळूहळू वाढतो.

रात्रीच हॉस्पिटलमध्ये कधी न्यायचं?

बसल्या जागी धाप, गुलाबी फेसाळ कफ, बोलताना वाक्य पुरं न होणं, बेशुद्ध पडणं, ओठ निळे. थांबू नका, झोपवून नेऊ नका, बसवून न्या. १०८ ला फोन करा.

झडपेच्या रुग्णाला ताप आणि नवा दम एकत्र आला तर झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल. अशा वेळी प्रतिजैविकाची पहिली गोळी घ्यायच्या आधी रक्त कल्चरला जायला हवं, नाहीतर जंतू सापडत नाही. झडपेची दोरी अचानक तुटली तर एक्स-रेवर फुप्फुसाच्या एकाच भागात पाणी दिसू शकतं आणि त्याला न्यूमोनिया म्हटलं जातं. म्हणून "झडपेचा आजार आहे" हे दारातच सांगा.

तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर त्याच दिवशी फोन करा. ते पाणी असतं.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. इको रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा, तुमची प्रक्रिया बसते का ते तेच सांगतील. आधी पैसे भरून मागून परत मिळतील या भरवशावर राहू नका.

दाखवायला येताना काय आणू?

पहिल्यापासूनचे सगळे इको, तारखेप्रमाणे. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून, नुसती चिठ्ठी नको. आठवडाभराचं सकाळचं वजन, लघवीला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी केलेलं. लहानपणी तीन-तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर ते कधी आणि का बंद झालं.

आणि रुग्णाबरोबर घरातलं असं माणूस आणा जे त्यांच्या खोलीत झोपतं. मुलगा गाडी चालवून आणतो, फाइल धरतो, सगळे आकडे पाठ सांगतो. रात्री किती उशा लागतात ते सुनेला किंवा नातीला माहीत असतं.